जावईबापूंनी नेलेली हत्यारांची पेटी

राजूर, १२ एप्रिल

प्रिय सत्यशीला,

सप्रेम जय भीम. तुझी कंबर आता बरी असेल. इकडे तुझी वहिनी आणि प्रियंका मजेत आहेत. मी मजेत नाही, कारण तुझे यजमान, म्हणजे आपले जावईबापू राजदीपराव, माझी हत्यारांची पेटी घेऊन कळंबला गेले आणि ती मला परत हवी आहे.

मी कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं फिटर होतो. जावईबापू कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथे कोणीतरी त्यांना अर्धा दिवस हत्यारं सांभाळून वापरायला शिकवलं (मध्ये समोसा होता), आणि तेव्हापासून त्यांना माणसं दिसत नाहीत, नुसते धोके दिसतात. रविवारी मी कूलरचं स्टँड दुरुस्त करायला बसलो, तर हे पेटी उघडून तपासणीच करू लागले. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुललंय, ते घासा. पेचकसानं खिळे उचकटू नका. डोळ्यांना चष्मा लावा (माझ्याच अंगणात!). मग हातोडा हलवून म्हणाले, "दादा, दांडा ढिला झाला. पाचर ठोका, नाहीतर मुंडकं उडते." अगं, तो हातोडा मी सहा वर्षं वापरायच्या आदल्या दिवशी बादलीत भिजत घालतो. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो. हे अर्ध्या दिवसात कोण शिकवणार? मुंडकं उडालं, हे खरं. पण त्याला एप्रिलचं ऊन जबाबदार, आणि ते कूलरच्या पंख्यात गेलं, कोणाला लागलं नाही. पुढे मी कानस घेतली. तिला मूठ नाही, हे जावईबापूंनी तीनदा सांगितलं. मला एकदाच ऐकू येतं. थोडं खरचटलं. तेवढ्या निमित्तानं त्यांनी मला गाडीवर बसवून वणीच्या दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी पेटी लंपास केली.

ज्यांना साधी पक्कड धरता येत नाही, त्यांच्या पलंगाखाली माझी पेटी पडलीय याचा मला फार राग येतो.

तुझा,
उकंडादादा

ता.क. उजव्या हाताला पट्टी असल्यानं अक्षर प्रियंकाचं आहे. मजकूर माझा.

आणखी ता.क. हातोड्याला पाचर आणि कानशीला मूठ बसवून पेटी पाठवली तरी मी काही म्हणणार नाही.

आत्या, बाबा पत्र तपासायला चष्मा शोधताहेत, तेवढ्यात मी लिहिते. कानशीचं टोक तळव्यात घुसलं होतं, सात टाके पडले. राजदीपमामांनी पेटी पळवली नाही. टाके घालताना बाबाच त्यांचा हात धरून रडत म्हणाले, "जावईबापू, पेटी घेऊन जा. मी मागतली तरी मले देऊ नोका."