फाटकं, मयत आणि डिम्फना आत्याची प्रकृती

लीट्रिम, मंगळवार

तीर्थस्वरूप डिम्फना आत्यास, फिंटनचा गुडघे टेकून नमस्कार.

तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? या खेपेला मी हे निव्वळ रीत म्हणून विचारत नाही. मी खुशाल आहे. इथे पाऊस आहे, तिकडे तुझ्या केरीतही असणारच.

तुला वाटतं मी इथे चैन करतोय. आत्या, शेतावरची लोखंडी फाटकं विकणं म्हणजे चेष्टा नाही. तीन महिन्यांत एकही खपलं नाही. मी दारात उभा राहून थेट भाव सांगायचो. लोक म्हणायचे, आत ये, चहा घे. मी म्हणायचो, नको. (दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणायचं, हे तूच शिकवलंस. पण मला घाई असायची, मी दुसऱ्या नकोलाच सायकलवर.) शेवटी आमचा मालक मॅकगोल्ड्रिक म्हणाला, "लेका, आल्यापासून किती मयतांना गेलास?"

म्हटलं, माझ्या ओळखीचं कुणी मेलंच नाही.

"ओळख कशाला लागते? ज्याच्या बापाला खांदा देशील, तो तुझंच फाटक घेईल. महिनाअखेर दहा फाटकं, नाहीतर जा आत्याकडे बटाटे काढायला."

त्याच आठवड्यात गावातले पॅकी गिलहूली वारले. मी मालकाचा काळा टाय बांधून गेलो. पॅकी बैठकीत शवपेटीत निजलेले, शेजारी घरच्यांची रांग. एकेकाचा हात धरून "फार वाईट झालं" म्हणत शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत पोचलो, तर तो म्हणाला, "जरा बस रे माझ्या जागेवर, मोरीवर जाऊन येतो." बसलो. तो परत आलाच नाही (स्वयंपाकघरात व्हिस्की होती). मागून अख्खा गाव आला आणि दोनशे माणसांनी माझं सांत्वन केलं. पन्नासाव्या माणसाला मला खरंच रडू आलं.

मग इथला नेहमीचा प्रश्न. पॅकींच्या बायकोने, गिलहूलीबाईंनी विचारलं, "तू कोणाचा रे?"

मी खरं तेच सांगितलं, केरीच्या डिम्फनाचा भाचा. बाई म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे पॅकीची चुलत बहीण, दूधसंघातल्या माणसाबरोबर गेली ती? नाक बघा, अगदी पॅकीचंच." ती डिम्फना वेगळीच, पण माझ्या तोंडात सँडविच होतं, आत्या. नुसती मान हलली.

मग काय! फाटकाबद्दल ब्र काढला नाही. हवामान झालं, गाई झाल्या, फुटबॉल झाला. पेटी उचलताना शेजारच्या खांदेकऱ्याने विचारलं, "करतोस काय?" म्हटलं, फाटकं. "दोन पाठव," तो म्हणाला. दफनभूमीच्या दारापर्यंत चौदा झाली. मालकाने मला खुर्ची दिली. (पायमोडकी आहे, पण खुर्ची आहे.)

तेव्हा नोकरी वाचली, काळजी नसावी. काकांच्या थडग्यावर माझ्या नावाने फूल ठेव.

तुझा आज्ञाधारक
फिंटन

ता. क. एक राहिलं. गिलहूलीबाईंनी विचारलं, "डिम्फना का नाही आली?" सगळं घर माझ्याकडे वळलं. तुला ठाऊक आहे, लग्न चुकवलेलं लोक विसरतात, मयत चुकवलेलं तीन पिढ्या उकरून काढतात. चौदा फाटकं पाण्यात जाताना दिसली. मान्य होईल असं एकच कारण सुचलं. गेल्या महिन्यातच गेलीस म्हणालो. झोपेत, शांतपणे. पॅकींपेक्षा तुझ्यासाठी जास्त रडले गं सगळे.

ता. क. दुसरा. रविवारी दोन बसगाड्या भरून मंडळी तू जाऊन महिना झाल्याच्या प्रार्थनेला येताहेत. शक्यतो बाहेर फिरू नकोस. दिसलीसच तर डिम्फनाची बहीण म्हणून सांग, आणि रड. हॅमची सँडविचेस मात्र तूच करून ठेव, मोहरी लावून.

ता. क. तिसरा, खरं काम हे. वर्गणी काढून त्यांनी तुझ्या थडग्याला छोटं लोखंडी फाटक नोंदवलंय. पंधरावं. मालक मापासाठी मागे लागलाय. काकांच्या शेजारची तुझी जागा कुंपणापासून कुंपणापर्यंत मोजून इंचात कळव. पत्रावर तुझं नाव घालू नकोस, इथलं टपाल गिलहूलीबाईच वाटतात.