डाव्या मुठीचा रंधा

मी, या घरातली सर्वांत म्हातारी बाई, वय मास्तरांच्या हिशेबाने एक्याऐंशी, धंदा शेती, स्वयंपाक आणि सुतारकाम, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र सांगत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा माणूस अजून जन्मायचा आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारचे मास्तर लिहून घेत आहेत. सुरुवात गाईची धार काढताना केली आहे, तेव्हा कागदावर डाग दिसल्यास तो शेपटीचा समजावा, खाडाखोड समजू नये.

१. घर आणि शेत मुलाला. तो कुरकुरतो, पण राबतो. गाय त्याने विकू नये. घरात माझं ऐकणारी ती एकटीच आहे.

२. मोठं पातेलं लेकीला. सोबत माझ्या रश्शाचं गुपित, ज्यापायी ती वीस वर्षं रुसून आहे. कांदा तेलात टाकावा आणि कुंपणाशी जाऊन शेजारणीशी गप्पा माराव्यात. करपल्याचा वास आला की परत यावं. पहिल्या वेळी चूकच झाली होती. पाहुण्यांनी बोटं चाटली, मग मी कशाला बोलते?

३. ज्याच्या बोकडाने माझा वाटाणा दोनदा फस्त केला, त्या शेजाऱ्याला माफ केलं. बोकडाला नाही.

४. मागची सुतारकामाची खोली पाडून तिथे ट्रॅक्टर लावायचं मुलाच्या मनात आहे. ते मनातच राहू दे. ती खोली आणि आमच्या ह्यांनी मला वापरायला शिकवलेली सगळी हत्यारं मी सुनेला देते. मुलगा म्हणेल, "आई, तिला एक फळी सरळ रंधता येत नाही." खरं आहे. अठरा वर्षं मीही हसले. "फळी रंधलीस की शेत नांगरलंस गं?" म्हणायचे. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रंधा मागायला हजर.

गेल्या महिन्यात ती कांदा चिरत होती, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या हाताकडे बघितलं. डावा हात. काप कागदासारखे पातळ. अठरा वर्षं मी तो कांदा खाल्ला, आणि रंधा मात्र तिच्या उजव्या हातात कोंबत राहिले. चूक माझी. हे ठळक लिहा, मास्तर, पुन्हा ऐकायला मिळायचं नाही. तेव्हापासून दुपारी सगळे आडवे झाले की मी रंध्याला, करवतीला डाव्या हाताच्या नव्या मुठी घडवते आहे. काल शेवटची बसवली.

इथे मास्तर म्हणाले, "आजी, पण हे तिला तुम्ही गेल्यावरच मिळेल."

"म्हणजे कधी?"

"ते मी कसं सांगणार?"

"माझी तर काही तयारी दिसत नाही. तोवर तिने काय नुसते कांदे चिरायचे?"

सबब कलम चार खोडावे. सुनेला हाक मारून किल्ली आत्ताच दिली. ती म्हणाली, "अहो आई, भात चुलीवर आहे."

"भाताकडे मी बघते. तू जा."

मुलाने ट्रॅक्टर झाडाखाली लावावा. बाकीची कलमं मी मेल्यावर लागू. कोणी घाई करू नये.

ठिकाण: स्वयंपाकघर, भाताशेजारी.
तारीख नऊ, शनिवार, भर दुपार.
निशाणी अंगठा: आजी.

साक्षीदार: १. दूधवाला. २. लोहार, ज्याने माझ्या पटाशीला कधी धड धार लावली नाही, पण बोलावल्याबरोबर आला.

लिहिणाऱ्याची नोंद: वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. मागच्या खोलीत रंधा चालू असल्याने तो ओरडून वाचावा लागला.