जरा गप बस, सुग्रीव

केशरअक्का, जय भीम.

हे पत्र मी पेटीत टाकणार न्हाई, म्हणूनच खरं लिहितो. परवा मीच तुला माझ्या वर्गात बसवलं. तू बी शाळेत शिकवतीस, मला वाटलं चार कौतुकाचे शब्द बोलशील. तू म्हणालीस, "सुग्रीव, प्रश्न तूच इचारतोस अन् उत्तर बी तूच देतोस. जरा गप बस की." मी चहाबी न पाजता तुला युसूफ वडगावच्या यष्टीत बसवून दिलं.

तवापासून वर्गात माझाच आवाज मला टोचतोय. आज चिडूनच प्रश्न टाकला, "आपला तलाव कावून आटला?" अन् तोंड मिटून उभा राहिलो. बाहेर टँकर येऊन पाणी ओतून गेला, तरी सगळी पोरं पाटी घेऊन माझ्या तोंडाकडंच बघत व्हती. उत्तर पार जिभेवर आलतं.

शेवटी साखरा भीतभीत उठली. "गुरुजी, उत्तर इसरलात का?"

लई लागलं, अक्का. ह्या पोरांनी मला कधी गप बघितलंच न्हाई. म्हणलं, "हो गं, इसरलो."

मग सगळा वर्गच मला सांगायला उठला. कुणी म्हणे पाऊस न्हाई, कुणी म्हणे गाळ साचला, कुणी म्हणे सहकारी कारखान्याच्या उसानं पाणी पिलं. भांडणंच लागली. घंटा झाली तरी कुणी घरी जाईना.

तुझं खरं निघालं, हे तुला सांगणार न्हाई. पण आता एकच घोर लागलाय. उद्या काय इसरू?

तुझा अजून रागावलेला भाऊ,
सुग्रीव