ठाण्यापर्यंत झाकण ठोकू नये

मी, सुसानाबाई कोम पौलस गावित, वय अदमासे पन्नास, धर्म ख्रिस्ती, धंदा शेती व बाजारात शेंगा भाजून विकणे, राहणार मौजे विसरवाडी, तालुका नवापूर, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मिशनच्या शाळेत दोन इयत्ता झाल्या. अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालून काय होतं ते फौजदाराला विचारा.

१. घर आणि मागचं भाताचं वावर मुलगा नारसिंग याला. त्याला अट आहे, ती चौथ्या कलमात. नारसिंग, ते वाचल्याशिवाय कौलांना हात लावू नको.

२. मोठी कढई, झारा आणि भाजायची रेती मुलगी मंगळी हिला. ही कढई चुलीवर असतानाच मला धरलं. मिश्रीलाल शेटच्या दुकानातून एका बाईने चांदीची कडी लांबवली. शेट म्हणाले, तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. फौजदार देशावरचा, नवा. हनुवटी गोंदलेली पहिली बाई त्याला दिसली ती मी. आमच्या डोंगरात गोंदल्याशिवाय पोरगी मोठी होत नाही, एवढं कोणाला विचारायला त्याला तोंड नव्हतं? शेटची बायको धापूबाई, जिने चोरटी समोर पाहिली होती, ती तोंडावरचा पदर वर करून भर बाजारात ओरडली, "हाई ती बाई नही शे!" फौजदार म्हणाला, "गोंदण आहे ना? मग हीच." कमरेला दोर बांधून मला बाजारातून ठाण्यापर्यंत चालवलं. शेंगा कढईतच जळाल्या.

पुढे मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कचेरीबाहेर बसलेल्या आमच्या बाया आत बोलावल्या, एकेकीची हनुवटी पाहिली आणि मला सोडून दिलं. सगळे म्हणाले, सुटलीस ना, झालं. मी म्हटलं, झालं नाही. दोर सगळ्या बाजाराने पाहिला, सुटका कोणी पाहिली? म्हणून धुळ्याच्या दिवाणी कोर्टात फौजदारावर दावा लावला.

३. उखा न्हावी याला एक मूठ शेंगा. करपवून द्याव्या. मला दोराने नेत होते तेव्हा तो ओरडला होता, "सुसानाबाई, सरकारले शेंगा खावाडाले चालनी का?" लोक हसले. खाताना त्याने मला आठवावं. खांदा द्यायला मात्र त्याला पुढे घ्या, अंगाने मजबूत आहे.

४. आता दावा. फौजदार तारखेमागून तारीख मागतो. वकील म्हणाले, "बाई, हा दावा तुमच्या जीवावर उभा आहे. तुम्ही गेलात की तो संपला. मुलाला चालवता येणार नाही." मी विचारलं, "जमीन पोराला जाते, बकरी जाते, मग माझी बेअब्रू त्याला का जात नाही?" त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. पुस्तकातही तसंच निघालं. म्हणजे फौजदार तारीख मागत नाही, माझं मरण मागतो.

वर त्याचा निरोप आला. ठाण्याच्या आतल्या खोलीत माफी मागतो, दावा काढून घे. नारसिंग म्हणाला, "आये, घे ना ती माफी. तुझ्या अंगात काय राहिलं आहे?" पोरा, तुझा जीव तुटतो ते मला दिसतं. पण मला बाजारातून नेलं, माफीही बाजारातच पाहिजे. दाराआड माफी मागतात ती चोरीच्या मालासारखी. मी निजलेली असताना तू माझा अंगठा तडजोडीवर उठवलास, तर घर आणि वावर मंगळीचं. मला चालवत नसलं तर खाटेसकट मोटारीत घाला, पण तारखेला धुळ्याला न्या.

५. निकाल माझ्या डोळ्यांदेखत लागला तर हे कलम रद्द. मग मला जवळच्या वाटेने पुरायला न्या, उन्हात कोणाची पायपीट नको.

निकालाआधी मेले तर दोराने नेलं त्याच वाटेने, बाजारातून, न्यायचं. पाळकसाहेबांनी गीतं म्हणावी, आणि पुटपुटू नये. ठाण्याच्या फाटकापुढे पेटी खाली ठेवावी. तिथपर्यंत झाकण ठोकू नये. पाळकसाहेब म्हणतात, गोंदण जुन्या देवांचं, तोंडावर कापड टाकू. टाकू नये. नारसिंगने फौजदाराला बाहेर बोलवावं, झाकण बाजूला करावं आणि मोठ्याने विचारावं, "साहेब, हनुवटी नीट बघा. हीच का ती?" तो बोलो न बोलो, लोकांनी प्रश्न ऐकला की खिळे मारा.

६. धापूबाईला मी काही ठेवलेलं नाही. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही असं वकील सांगतात, आणि मला तिची साक्षच हवी आहे.

खाडाखोड दोन जागी आहे, ती रागाची आहे, मजकूर बदललेला नाही. वाचून पाहिलं, पटलं, सही केली.

मुक्काम विसरवाडी, तारीख ९ मार्च १९३७
सही: सुसानाबाई कोम पौलस गावित

साक्षीदार:
१. भीमसिंग जामसिंग वळवी, मास्तर, मिशन शाळा. सही.
२. धापूबाई, मिश्रीलाल शेट यांच्या घरची. डाव्या अंगठ्याची निशाणी. बाईंनी अंगठा उठवताना सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहावे असा त्यांचा आग्रह, म्हणून मास्तरांच्या हातचे: "शेट नको म्हणतस. तरी कोर्टमा बी सांगसू. हाई ती बाई नही शे."