चपलेच्या नंबरावर मागवलेले पाय

२ नोव्हेंबर
काल माझा वाढदिवस. विरारच्या हॉलमध्ये 'मोफत कृत्रिम पाय वाटप'. माझ्या नावाने, मला न विचारता. हार, फेटा, आणि किरण (पी.ए. आहे, पण वागतो सासऱ्यासारखा) कानात कुजबुजतोय, "साहेब, पँट जरा वर घ्या, पाय दिसू दे."
घेतली वर. नाच्या पोऱ्या झालाय माझा.
पाय खोक्यांत भरून आले होते, तयार. म्हटलं, मापं कोणी घेतली? किरण फुशारकीने म्हणाला, "सगळ्यांना फोन करून चपलेचा नंबर विचारला ना!"
चपलेचा नंबर! अरे गाढवा, पाय खालून बसतो की वरून? माझ्या पायासाठी लष्कराच्या दवाखान्यात प्लास्टरचा साचा घेतला होता. मग चाचणी, मग पुन्हा तासणं, पुन्हा चाचणी. तरी पहिले काही महिने रक्त यायचं. आणि हे बूट वाटल्यासारखे पाय वाटतात.
मी काय केलं? हसून फोटो काढले.

५ नोव्हेंबर
किरणला सांगितलं, सगळे पाय परत मागव. म्हणे, "साहेब, बॅनर लागलेत हो." म्हणजे बॅनर उतरेपर्यंत लोकांनी लंगडत राहायचं.
वर भाऊंचा निरोप. भाऊ म्हणजे जिल्ह्यातला आमचा पक्ष, तिकीट त्यांच्याच हातात. दुसरं शिबिर जूचंद्रला, याहून मोठं, मंत्री येणार. पायही त्याच पद्धतीने. पद्धत!

८ नोव्हेंबर
बायको, सुनंदा, आज चिडून म्हणाली, "राजकारणात गेलात कशाला मग?" गेलो कुठे, ढकललं. सुरुंगात डावा पाय गेला, पेन्शनीत आलो, विरारच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सिक्युरिटी बघत होतो. पाण्यासाठी बायकांचा मोर्चा निघाला, मी सोबत गेलो. पाणीखात्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये दोन तास उभं ठेवलं. पाय ठणकायला लागला म्हणून काढला आणि टेबलावर ठेवला, बस. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, 'जवानाचा संताप'. संताप कसला, फोड आला होता. पण भाऊंनी तो फोटो पाहिला आणि मी आमदार झालो.
ऐकून सु. हसली. मला हसू आलं नाही.

११ नोव्हेंबर
राजोडी. जानकीमावशीकडे. सुकी मासळी विकते. साखरेच्या आजाराने गुडघ्याखालून पाय गेला, वाढदिवसाच्या शिबिरात पहिला पाय तिलाच दिला होता, माझ्या हाताने. पहिल्या फोटोत तीच.
ओट्यावर बसली होती, पाय घालून. सॉकेटात, म्हणजे पायाच्या वरच्या वाटीत, चिंध्या कोंबलेल्या, सैल पडतो म्हणून. मी म्हटलं, मावशी, काढा बघू. काढेना. "दादा, तुमी दिलेला पाय. टाकू कसा? आनि दुखतं तं दुखतं. नवा जोडा बी पयला चावतोच ना?"
शेवटी सुनेने काढला. वास आला. असा वास मला ओळखीचा आहे, सीमेवरच्या तंबूतला. जखम वरपर्यंत गेलीय, आणि साखर असल्याने तिला धड कळतही नाही.
माझ्याच गाडीत घालून दवाखान्यात आणलं. वाटेत म्हणते कशी, "गाडी मासळीनं वास मारंल तुमची." मी काचा खाली केल्या आणि बाहेर बघत बसलो. मला स्वतःचीच किळस येत होती, मासळीची नाही.

१३ नोव्हेंबर
डॉक्टर स्पष्ट बोलले. जखम आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर गुडघ्याच्या वरून कापावा लागेल.
गुडघा असणं आणि नसणं यात काय फरक आहे ते मला विचारा. माझा गुडघा वाचला म्हणून मी जिना चढतो, खाली बसून उठतो. तिला तर बाजारात खालीच बसायचं असतं.
दुपारी किरण वॉर्डात हजर. फळांची टोपली आणि कॅमेरावाला! "साहेब, मावशींच्या डोक्यावर हात ठेवा फक्त." दोघांना दाराबाहेर काढलं. शिव्या इथे लिहीत नाही. पलटणीतल्या होत्या.
संध्याकाळी भाऊंचा फोन. आवाज मधाळ. "सुभेदार, एक लक्षात ठेवा. मतं तुमच्या पायाला पडलीत, तुम्हाला नाही." जूचंद्रला नीट वागा म्हणे. तिकिटाचं त्यानंतर बघू.
खोटं बोलले नाहीत, याचाच जास्त राग आला.

१७ नोव्हेंबर
मुंबईला मंत्रालयात जाऊन आलो. मापाने पाय बनवणारी कार्यशाळा आपल्या जिल्ह्यात हवी, म्हणून तिथल्या सचिवसाहेबांना भेटलो. चहा आला. "प्रस्ताव पाठवा." गेल्या वर्षी पाठवलेला कुठे आहे? "तो बघावा लागेल." पुन्हा चहा आला.
आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. मी बहुधा जातं ओढतोय.
मावशीला ताप. डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

२१ नोव्हेंबर
उद्या जूचंद्र. खोकी आली म्हणे. आकडे बघितले, ७ नंबर, ८ नंबर... चपलेचेच.
सु.ला म्हटलं, स्टेजवर बोललो तर तिकीट गेलं. ती भाजी निवडत होती. "घरात रोज बोलताय. मला ऐकवून काय उपयोग? मी काय पाय वाटतेय?"
एवढंच. मग कुकर लावायला गेली.

२२ नोव्हेंबर
बोललो.
माईक हातात आला, मंत्री मागे, भाऊ शेजारी. म्हटलं, हे पाय घालू नका. माप न घेता पाय होत नाही. राजोडीच्या जानकीमावशीला मी असाच दिला, आज तिचा गुडघा धोक्यात आहे. शरम वाटते मला.
काय व्हावं? टाळ्या! कोणीतरी 'भारत माता की जय' ओरडलं, सगळ्यांनी साथ दिली. माझं बोलणंच कोणी ऐकत नव्हतं, नुसता माझा पाय बघत होते. पुढचं बोलायला गेलो तर माईक बंद. भाऊ हसत हसत माझा हात दाबून म्हणाले, "छान बोललात. आता बसा." वाटप सुरू.
मी खाली उतरलो, रांगेत गेलो, एकेकाला समजावलं. चौघांनी पाय परत ठेवले. बाकीच्यांनी नाही.
दवाखान्यातून मावशीच्या मुलाचा फोन आला. ताप उतरत नाही. उद्या सकाळी डॉक्टर ठरवणार. भाऊंनीही उद्या सकाळीच बोलावलंय. त्यांना म्हटलं, जमणार नाही, दवाखान्यात असेन. त्यांनी फोन ठेवला.
एक लिहायचं राहिलं. रांगेत कुबडीवाला एक म्हातारा होता, जूचंद्रचाच. सगळं समजावलं. मान डोलावली. म्हणाला, "पटला साहेब. पन ह्यो परत दिला तं दुसरा कोन देनार?"
मी देईन म्हटलं. माप घेऊन.
त्याने पाय काखेत घट्ट धरला आणि रिक्षात जाऊन बसला.