काटेवाली माझ्या आवाजात बोलली

रवि., ९ नोव्हें.

झालं ते असं.
१. मेघनाचं घर, गंगापूर रोड. पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा आमचा खेळ. नेहमीचे चौघं: खेळ चालवायला मेघना, खेळायला तिचा भाऊ तन्मय, माझ्याच कंपनीत प्रॉडक्शनला असलेला ओंकार, आणि मी.
२. आज लढाई नव्हती. बोलून सोडवायचा प्रसंग. तीनदा फसायच्या आत चार यशं हवीत.
३. धान्यबाजारात एक काटेवाली. तिनं एकदा काटा नीट न तपासताच शिक्का मारलाय. तिला कबूल करायला लावायचं.
४. काटेवाली मेघनाच वठवणार. पण ती म्हणजे मी.
५. ही गोष्ट मी फक्त मेघनाला सांगितली होती.

तन्मय गोड बोलून फसला. ओंकारनं दरडावून दोन यशं मिळवली. पुन्हा तन्मय, एक. चौथा फासा माझा. हातात होता तेव्हाच कळलं होतं, काटेवाली कोण ते. तरी टाकला. वीसपैकी सतरा. चौथं यश.
काटेवाली मेघनाच्या तोंडून म्हणाली, "पुन्हा एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. बघितलं नाही." माझंच वाक्य. आहे तसं.
तन्मयनं टाळ्या वाजवल्या.

सोम., १०

अंबड, कंपनीत. कँटीनमध्ये ओंकार, पाचसहा जणांसमोर: "काय मॅडम, काटा शून्यावर ना?"
"तुझा आण, तपासून देते."
सगळे हसले. तोही. नुसता खेळातला विनोद असेल. नसेलही.

मार्चचं इथे एकदा लिहून ठेवते. कंपनीत मोजमापाची साधनं तपासायचं काम माझं. एका गेजचं दुसरं रीडिंग न घेता प्रमाणपत्रावर सही केली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, मर्यादेच्या चार मायक्रॉन बाहेर. गेज बदलला. त्यावर पास झालेला माल पुन्हा मोजला, बरोबर निघाला. कागद मात्र तसाच ठेवला. त्यावर दोन रीडिंगं आहेत. दुसरं मी मनानं भरलेलं.

मंगळ., ११

मेघनाला असले प्रसंग जमायचे नाहीत. कुणीतरी म्हणायचं "मी त्याला पटवते", एक फासा, संपलं. दोन वर्षांपूर्वी तिच्याच गॅलरीत बसून आम्ही नियम केले. प्रत्येकानं वेगळं कसब वापरायचं. फसलं तरी गोष्ट पुढे सरकली पाहिजे. आणि फासा पडायच्या आधी मोठ्यानं सांगायचं: जिंकलो तर काय, हरलो तर काय. हा शेवटचा माझा. न सांगता कुणाचं काही डावावर लावायचं नाही.

रविवारी तिनं सांगितलं होतं. "जिंकलात तर ती स्वतः कबूल करेल. हरलात तर बाजाराला दुसऱ्याकडून कळेल." हातातल्या कागदाकडे बघत. माझ्याकडे नाही.

आणखी एक. ओंकारनं काटेवालीला दरडावलं ते "दुसरं रीडिंग घेतलंस का?" असं. धान्याच्या काट्याला रीडिंग कोण म्हणतं? कारखान्यातली सवय असेल. पण 'दुसरं'? तोवर मेघना तसं काहीच बोललेली नव्हती.

बुध., १२

लंच ब्रेकमध्ये मेघनाचा फोन.
"अनू, रागावलीस का गं?"
"का केलंस?"
"तुझ्यासाठीच. आठ महिने उरावर घेऊन फिरतेयस. म्हटलं, खेळात एकदा बोललं गेलं की खरं बोलायला सोपं जाईल."
"मला विचारलं का नाहीस?"
"विचारलं असतं तर आली असतीस?"
नसते आले. पण हे उत्तर नाही.
"ओंकारला आधी माहीत होतं?"
"थांब हं, बेल वाजली. करते परत."
केला नाही.

कॉलेजपासून कुणाला काही सांगितलं असेल तर हिला. यादी एका नावाची होती, म्हणून…

गुरु., १३

शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या विभागाच्या सरांना भेटायची वेळ घेतली. मार्चचा कागद दाखवणार. नोकरी राहील, न राहील. मेघना काहीही म्हणाली तरी जाणार, हे ठरलं.

मग ओंकारचं तिला विचारायचं कशाला? ओंकारला ठाऊक असेल तर सरांना माझ्याआधी कळू शकतं, हे एक. दुसरं म्हणजे, त्या खोलीत मी माझ्या पायांनी जायला हवं. तिच्या प्रसंगाचा पुढचा भाग म्हणून नाही. आणि रविवारी गंगापूर रोडला जायचं की नाही, ते तिच्या उत्तरावरच.

तिला सकाळी पाठवलेला मेसेज, इथे उतरवून:

मेघना, रविवारच्या आधी ओंकारला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच. कारण नको. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.