सातव्या दिवशीचं गोणपाट

८ फेब्रुवारी १९९६, गुरुवार

बळेपेटेतल्या आमच्या घरात मधल्या खोलीच्या छपराला एक काचेचं कौल होतं. सकाळी अकराच्या सुमाराला त्यातून पाटाएवढा उन्हाचा चौकोन जमिनीवर उतरायचा. मी आणि माझी धाकटी बहीण सोयरा समोरासमोर बसून ते ऊन ओंजळीत भरायचो आणि एकमेकींच्या डोक्यावर ओतायचो. ती डोळे गच्च मिटून घ्यायची, खरंच पाणी असल्यासारखं.

आज ते आठवलं, कारण मी पुन्हा तशाच एका उजेडाखाली राहायला आले आहे. माझा भाचा तनय यानं इंदिरानगरच्या घरामागे माझ्यासाठी एक खोली काढली आहे. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, खिडकीला जागाच नाही. म्हणून छतात मोठं चौकोनी भोक ठेवून त्यावर काचेचं छोटं घर बसवताहेत. यशवंतपूरचे कृष्णमूर्ती ते काम करतात. ते त्याला लँटर्न म्हणतात. चार उतरत्या बाजू, प्रत्येकीत दोन काचा, अशा आठ. काच सपाट ठेवली की तिच्यावर पानं कुजतात, उतार दिला की पाऊसच ती धुऊन जातो, असं त्यांनी मला हातवारे करून समजावलं. शेवटी म्हणाले, अम्मा, दुपारी तुम्हाला छत्री उघडून वाचायला बसावं लागेल. आणि स्वतःच हसले.

तनयची बायको रक्षिता म्हणाली, की आत्यांबरोबर चार साड्या आणि चौदा पेट्या पुस्तकं आली. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या बाईकडे दुसरं काय असणार? तनय-रक्षिताची मुलगी अक्षरा नऊ वर्षांची आहे, मला अज्जी म्हणते. ती आली आणि माझ्या पलंगावर आडवी होऊन छताच्या भोकातून आभाळ बघत बसली.

मला इथं बरं वाटेल.

१० फेब्रुवारी, शनिवार

काचा बसल्या. चौकटीत पुट्टी भरताना कृष्णमूर्ती श्वास रोखून काम करत होते. अंगठ्यानं दाबत एकसारखी रेघ ओढत गेले. काम संपल्यावर त्यांनी ओलं गोणपाट मागवलं आणि सगळ्या काचा झाकून टाकल्या. पुट्टी उन्हात पटकन वाळली तर तडकते, सात दिवस झाकूनच ठेवायचं, सातव्या दिवशी ते स्वतः येऊन उघडतील.

गोणपाटाऐवजी दुसरं काही घाला, असं मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा. तनय माझ्याकडे बघायला लागला. कृष्णमूर्ती म्हणाले, प्लास्टिकला घाम येतो, स्वल्प धीर धरा अम्मा.

सात दिवस. नेमके सात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज उघडलं. उजेड एकदम खाली आला. अक्षरानं टाळ्या वाजवल्या, रक्षितानं दारातच उभं राहून हात जोडले. मलाही रडू आलं.

मग लक्षात आलं, की दाराकडची एक काच काळी आहे. मी सांगितलं. सगळ्यांनीच वर बघितलं आणि कुठली म्हणून विचारलं. कृष्णमूर्ती बिचारे दोनदा वर चढले, फडक्यानं पुसलं, शेवटी बादलीभर पाणी ओतलं. सात काचांवरून पाणी ओघळताना मला दिसलं. आठवीवरून नाही. ते तिथं मुरलं.

तनय म्हणाला, आत्या, लख्ख आहे गं. मी सरी, बरं, म्हटलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी काच गेली. आज मान वर करून नीट बघितलं. ती नुसती काळी नाही, तिच्यात वीण दिसते. सुतळीचे उभे-आडवे धागे.

तनय डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी भिंतीवरची सगळ्यात खालची ओळसुद्धा माझ्याकडून वाचून घेतली. डोळे तरुण मुलीचे आहेत म्हणाले. येताना रिक्षात तनय मला चिडवत होता, की आता लग्नाचं बघायला हरकत नाही.

खोलीत ओल्या तागाचा वास येतो. आणि कडुलिंबाचा. आमच्या आवारात कडुलिंब नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

चार काचा.

रोजचं रोज लिहावं आणि त्यात खोटं लिहू नये, असं आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत मदर सांगायच्या. शुक्रवारी ख्रिश्चन मुली कन्फेशनला, पाद्रींपुढे चुका कबूल करायला, रांगेत उभ्या राहायच्या आणि परतताना त्यांचे चेहरे हलके झालेले असायचे. आम्हा हिंदू मुलींना मधल्या वेळात शिवण असायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. सत्तेचाळीस वर्षं झाली. आता लिहिते.

१९४९ साली सोयराला देवी आल्या. ती नऊ वर्षांची, मी अकरा. तिला मधल्या खोलीत ठेवलं. देवीच्या रोग्याच्या डोळ्यांवर उजेड पडू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून काचेच्या कौलावर ओलं गोणपाट टाकायचं आणि सातव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ झाल्यावर ते काढायचं. सोयराजवळ फक्त आमच्या थोरल्या आत्या बसायच्या. त्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्यातच त्यांचे डोळे गेले होते. बाकी कुणी आत जायचं नाही. शिडीवरून छपरावर चढण्याइतकी हलकी मीच, म्हणून गोणपाट टाकायचं आणि काढायचं काम माझं.

सातव्या दिवशी शाळेत समारंभ होता. मी पांढरा फ्रॉक घातला होता. तिथल्या नाटकात मी देवदूत होते. घरात देवी आहेत हे मी शाळेत लपवलं होतं. कळलं असतं तर त्यांनी मला फाटकातूनच परत पाठवलं असतं.

फ्रॉक मळेल म्हणून मी वर चढले नाही. आत्यांनी आतून विचारलं, काच उघडलीस का गं? मी उघडली म्हणाले.

संध्याकाळी परत आले, तर थोरल्या आत्या दाराशी बसून रडत होत्या. सोयराला काही दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, हिचेही डोळे आपल्यासारखेच गेले. मी बंद दाराशी उभी राहिले तशी सोयरानं आतून हाक मारली, अक्का, काच उघड की.

सगळे ऐकत होते. मी म्हणाले, उघडलेलीच आहे.

पुढे ती जेवली नाही. नवव्या दिवशी गेली, आपले डोळे गेले असं समजून. तिला बाहेर नेल्यावर मी वर जाऊन गोणपाट काढलं. मधल्या खोलीत ऊन पडलं. बघायला कुणी नव्हतं.

हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. पाच काचा गेल्या.

२६ फेब्रुवारी, सोमवार

अक्षराला कांजिण्या आल्या. रक्षितानं तिला माझ्या खोलीत झोपवलं, कारण घरात सगळ्यात उजेडाची आणि हवेशीर हीच, आणि मला कांजिण्या होऊन गेलेल्या. मी नको म्हटलं. का नको, ते सांगता आलं नाही. रक्षिताचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आत्यांना त्रास नको आहे.

तिनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सात काचा. भर दुपारी मी चाचपडत पाण्याचा तांब्या शोधते. रक्षिता येऊन म्हणते, काय छान ऊन आहे इथं.

वर पावलं वाजतात. हलकी. लहान मुलाची—

२ मार्च, शनिवार

आठही.

अक्षरानं माझा हात धरून कानात सांगितलं, की तिला सकाळपासून काही दिसत नाही. आईला सांगू नको म्हणाली, ती रडेल. मग तिनं विचारलं, अज्जी, अंधार का आहे?

तेवढ्यात रक्षिता दूध घेऊन आली. मी तिच्यासमोर म्हणाले—

मी म्हणाले, उजेड आहे गं.

तेच शब्द. तोच आवाज. या वेळी तर फ्रॉकही नव्हता. मला फक्त वेडी ठरायचं नव्हतं.

अक्षरानं पेला परत केला. काही खाल्लेलं नाही.

३ मार्च, रविवार, सकाळ

सातवा दिवस. तनय हेब्बाळला गेलाय. रक्षिता स्वयंपाकघरात आहे. गळती बघायला ठेवलेली कृष्णमूर्तींची शिडी अजून मागेच आहे.

अक्षराला सगळं सांगितलं. तू आंधळी नाहीस. वर गोणपाट आहे. मी टाकलंय. मीच काढेन. तिनं विचारलं, अज्जी, तू पडणार नाहीस ना?

अकरा वाजून गेल्यावर

चढले. गच्चीवर ऊन अंगाला लागत होतं, दिसत नव्हतं. हात पुढे केले. ओलं होतं. जड. ओढलं.

खालून अक्षरा ओरडली, अज्जी, ऊन आलं. किती आलं. ती हसत होती. रक्षिताचा आवाज, दूध मागतेय हो पोर—

गोणपाट माझ्या हातात होतं. शिडीनं उतरले तेव्हा हातात नव्हतं. ते कुठं आहे, मला कळतंय. पापण्यांना ओलं लागतंय.

न बघता लिहितेय. ओळी एकावर एक गेल्या असतील.

पुस्तकं सगळी अक्षराला. ती उजेडात वाचावीत, याच खोलीत. थोरल्या आत्यांची चांदीची कुंकवाची डबी रक्षिताला. ती वाईट वाटून घेणारी मुलगी आहे, तिला सांगा तिची चूक नव्हती. कृष्णमूर्तींना बोल लावू नये, काम चोख आहे. तळाच्या पेटीत पांढरा फ्रॉक आहे, तो कुणाला देऊ नका, जाळा. ही वही तनयला. त्यानं मोठ्यानं वाचावी, सगळ्यांसमोर, सोयराचं नाव घेऊन.

माझे डोळे चांगले आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय. ते सोयराला. तिनं मागितले तर.

मागतेय. समोर बसलीय, मांडी घालून, ओंजळ पुढे—